साहेब पळाले

पुण्यामुंबईकडं माणसं धावतात. आमच्या मुखेडात कुणी धावत नाही, आमच्याकडं सगळे पळतात. एसटीच्या मागं माणूस पळतो, शाळेच्या स्पर्धेत पोरं पळतात, मोटारसायकल चांगली निघाली तर ती 'मस्त पळती', आणि लोकांच्या ठेवी घेऊन एखाद्या संस्थेचा चेअरमन जातो तेव्हा तोही पळतोच. एवढ्या सगळ्या कामांना आमच्या पूर्वजांनी एकच शब्द लावून दिला. शब्दांच्या बाबतीत आम्ही पहिल्यापासून काटकसरी. या काटकसरीचा सगळा भुर्दंड मात्र माझ्या एकट्याच्या नावे पडला.

मी किशनराव, अढळ विश्वास नागरी सहकारी पतसंस्थेचा सचिव. मुख्य कार्यालय मुखेड, शाखा जळकोट. आजूबाजूच्या संस्थांचे कर्तेधर्ते एकामागून एक पळत असताना आमची संस्था जागेवर राहिली, याचं कारण चेअरमन माणिकप्पा दरवर्षी सभेत 'संचालक मंडळाची दूरदृष्टी' असं सांगतात. खरं कारण माझ्या कमरेला आहे. आमच्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक चेअरमनकडं, दुसरी माझ्याकडं. माझी मी करदोड्याला बांधलेली. संस्थेचं उद्घाटन झालं त्या दिवशी जी बांधली, ती अंघोळीलासुद्धा सोडली नाही. मी चालायला लागलो की ती शर्टाच्या आत किणकिण वाजते. गल्लीतल्या बायका त्या आवाजावर कुकर लावतात. ठेव ठेवायला आलेला माणूस पासबुकावरचा शिक्का कधी बघत नसे, माझ्या कमरेकडं बघायचा आणि सही करायचा. अढळ विश्वास म्हणतात तो हाच, असं मी समजत होतो. जन्म काउंटरच्या आत गेल्यामुळं मला माणसं जमा आणि नावे अशा दोनच बाजूंनी दिसतात, आणि मुखेडच्या माणसांची जमेची बाजू भक्कम आहे असा माझा हिशेब होता. हा हिशेब कसा चुकला, तेवढंच सांगायचं आहे.

आमची ऋतुजा हैदराबादला नोकरीला. तिनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा दोघांचं जहाजाचं बुकिंग करून टाकलं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपातल्या एका बेटावर उतरायचं, परत मुंबई. सिंधुनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, ही बातमी विश्वासानं एकाच बाईला सांगितली, त्यामुळं ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, भाकरी आणि कारळाची चटणी बांधून घ्या, पाण्यावर भूक लई लागती. कुणी लिंबं दिली. कुणी सांगितलं की जहाजावर शिंकू नये. समोरच्या नागुबाईला एकच चिंता होती, जहाजाला मधे थांबा आहे का, आणि असेल तर बायांची सोय कशी काय. यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडं ज्याला विषय माहीत असतो तो गप्प बसतो आणि लोक त्याला गर्विष्ठ म्हणतात.

ऋतुजानं पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत नाच, जादूचे प्रयोग, सकाळचा योग याच्यासोबत एक ओळ होती: बेटावर प्रवाशांसाठी छोटी शर्यत. सिंधुनं ती ओळ फाटकात उभं राहून मोठ्यानं वाचली, आणि शेजारचे वैजनाथ गुरुजी नेमके त्या वेळी त्यांच्या तुळशीला पाणी घालत होते.

वैजनाथ गुरुजी म्हणजे पीटीचे निवृत्त मास्तर. जळकोटच्या शाळेत सारी नोकरी केली आणि निवृत्त होऊन माझ्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. बाजारात बैल बघतात तसं त्यांनी मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "किशनराव, तुमच्या ऑफिसच्या खुर्चीला पळायला सांगा. ती आधी पोचंल."

या वाक्यानं माझं नुकसान झालं. मी त्याच आठवड्यात नांदेडला जाऊन बूट आणले. दुकानदारानं माझ्या मापात लाल आणि पोपटी एवढेच रंग असल्याचं सांगितलं, आणि दोन्ही रंग एकाच बुटात दिले. मुखेडला उतरलो तेव्हा गुरुजी फाटकातच उभे होते. त्यांनी खोका उघडायला लावला, बूट हातात घेऊन वाकवून बघितले, आणि माझ्याकडं असे काही बघत राहिले की मला वाटलं, माणूस भारावला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते शिट्टी घेऊन शाळेच्या मैदानावर हजर.

मुखेडात धडधाकट कर्ता माणूस पहाटे पळताना दिसला तर लोक दोनच गोष्टी समजतात, एक तर गाडी चुकली किंवा कुणीतरी गेलं. पहिले काही दिवस माझ्यामागं कुत्री होती, मग सांत्वनाला माणसं यायला लागली. एकानं तर टोपी काढून विचारलं, "घरातलं व्हतं का गावाकडलं?" गुरुजी मात्र नेमानं यायचे. छाती पुढं काढा, टाच आपटू नका, श्वास नाकानं घ्या. आणि रोज एक वाक्य ठरलेलं, "मागं बघू नका किशनराव. पळणाऱ्यानं मागं बघायचं नसतं." चावी मांडीला लागायची म्हणून ते म्हणाले, काढून ठेवा. मी म्हणालो, गुरुजी, एक वेळ बूट काढीन. यावर ते माझ्या कमरेकडं बघत धोतरानं शिट्टी पुसत राहिले. मला वाटलं, माझी निष्ठा त्यांच्या मनाला भिडली.

निघण्याआधी मी ऑफिसचा चार्ज दिला, तोही लेखी. आमचा व्यंकटी नावाला शिपाई, पण पावती फाडण्यापासून पंखा दुरुस्त करण्यापर्यंत सगळं तोच करतो. संस्थेचे सगळे ओटीपी माझ्या नंबरावर येतात, म्हणून माझा फोनसुद्धा मी त्याच्या हवाली केला. शिक्के दिले, कपाटं दिली, कुंड्यांना पाणी कधी घालायचं तेसुद्धा सांगितलं. फक्त चावी द्यायची राहिली. विसरलो असं म्हणता येत नाही. चार्ज देताना माणूस स्वतःची किडनी काढून टेबलावर ठेवतो का? मला ती वस्तू वेगळी आहे असं आठवलंच नाही. माझ्याबरोबर तीही जहाजावर चढली.

जहाज म्हणजे नांदेडचं एखादं मोठं मंगल कार्यालय पाण्यात सोडून दिलेलं. तशीच जेवायची रांग, तसाच डीजे, आणि रुमाल टाकून धरून ठेवलेल्या तशाच खुर्च्या. सिंधुनं पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतले ते बेट आल्यावरच उघडले. मला ऋतुजानं घेऊन दिलेला फुलाफुलांचा शर्ट घालावा लागला. त्यावर पोपट होते. मी आरशात बघितलं आणि ठरवलं की मुखेडपासून इतक्या लांब आपल्याला ओळखणार कोण.

बेटाबद्दल मला फार लिहिता येणार नाही, कारण मी ते खाली मान घालून पळत पाहिलं. नारळाची झाडं, पांढरी वाळू आणि काचेसारखं पाणी. धक्क्यापासून दीपगृहापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. सगळ्यांत वयस्कर गटात आम्ही तिघं होतो. एक निवृत्त फौजी, एक सुरतचे कापडवाले आणि मी. फौजी शिट्टी वाजल्याबरोबर गेला आणि थेट बक्षीस घेतानाच पुन्हा दिसला. वाळूनं माझा पाय गिळायचा, परत द्यायचा, पुन्हा गिळायचा. चावी मांडीवर ठोके देत होती. सुरतवाल्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, तरी ते पुढं होते, आणि मला त्यांच्या पाठीचा मनापासून राग आला होता. वळणावर ते नारळपाणी प्यायला थांबले. व्यापारी माणूस, फुकटचं सोडवेना. मी तिथून पुढं गेलो. मागं बघितलं नाही.

मी दुसरा आलो. नारळाच्या करवंटीचं एक पदक गळ्यात घातलं त्यांनी, आणि एक इंग्रजी प्रमाणपत्र दिलं. खोटं कशाला सांगू, मी जरा बाजूला जाऊन डोळे पुसले. कुणी माझी सही मागत नव्हतं, कुणी व्याजदर विचारत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी मिळालं होतं ज्याची पावती फाडायची नव्हती.

नेमक्या त्याच वेळी मुखेडात माझं नाव बुडत होतं.

झालं असं, की तिजोरी उघडायची वेळ आली, माणिकप्पांनी त्यांची चावी लावली आणि दुसरी मागितली. व्यंकटीनं सगळे खण पालथे घातले. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं सिंधुला फोन लावला. बाजाराचा दिवस, काउंटरला गर्दी, व्यंकटीच्या दोन्ही हातांत पावत्या, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. इकडं सिंधु धक्क्यावर उभी, समुद्राचा वारा, नेटवर्कची एकच काडी. पुढचा संवाद मी नंतर इतक्या माणसांकडून ऐकला आहे, की तो आता मला पाठ आहे.

"वैनी, साहेब कुठं हाईत?"

"साहेब? साहेब पळाले की!"

"पळाले?"

"हाव, आत्ताच. मी मागंच राहिले. लई लांब गेले ओ, आता दिसून बी न्हाई राहिले."

"आन् तिजोरीची चावी?"

"ती कमरेलाच हाय त्यांच्या. घेऊनच पळाले."

एवढ्यात मी वळणावरून परत येताना दिसलो असणार. सिंधुनं आनंदानं हात हलवला, आणि फोन त्या काचेसारख्या पाण्यात गेला. मुखेडच्या काउंटरवर शेवटचा आवाज ऐकू आला तो 'डुबुक'.

सिंधुनं मला फोन पडल्याचं सांगितलं, व्यंकटीचा फोन आला होता हे सांगितलं, आणि तो चावीचं काहीतरी विचारत होता हेही सांगितलं. मी पदक हाताळत म्हणालो, परवा पोचतोच आहोत. मुंबईला उतरल्यावर कुणाला फोन करावा तर एकाचाही नंबर पाठ नव्हता. पाठ होता फक्त माझा, आणि तो सिंधुला नव्हे, मलाच. मी तो एका हमालाच्या फोनवरून लावून बघितला. बंद होता. व्यंकटीनं लोकांच्या फोनला कंटाळून तो बंद करून ठेवला होता, हे नंतर कळलं. आम्ही नांदेडची गाडी पकडली आणि सकाळी उतरून मुखेडच्या एसटीत बसलो. बाकीच्या कपड्यांना समुद्राचा वास मारत होता म्हणून पोपटाचा शर्टच अंगात होता. उन्हानं चेहरा करपलेला, डोळ्यावर गॉगल. सिंधुनं तोंडाला स्कार्फ बांधलेला.

पुढच्या सीटवर मुखेड बाजारातले असावेत असे दोघं बसले होते. त्यांच्यातला जाडजूड माणूस कंडक्टरला समजावून सांगत होता की एक सचिव पळाला. मी कान टवकारले. आपल्याच धंद्यातली गोष्ट. कंडक्टरनं कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमच्याच मुखेडचा की. अढळ विश्वासचा. लई साधा दिसायचा बेटा. बेटावर पळाला, चावी घेऊन."

मी गॉगल नाकावर घट्ट बसवला. तो पुढं सांगत होता की पोरीनं हैदराबादहून फोन केला, येतील परवा, काळजी करू नका म्हणाली, म्हणजे पोरगीही सामील आहे. आणि बायकोला तर त्यानं समुद्रात ढकलून दिलं. आवाज आला, लई जणांनी कानानं ऐकला.

सिंधु शेंगा सोलत होती. ती सोलायची थांबली. मग पुढं वाकून तिनं स्कार्फातूनच विचारलं, "मंग ती बाई गेली का ओ?"

"गेली की. बिचारी." त्यानं दुःखानं मान हलवली. "बाई चांगली व्हती. पर घमेंड लई."

उरलेला सगळा रस्ता सिंधुनं खिडकीबाहेर बघून काढला. मला पतसंस्थेची काळजी होती. तिला ते घमेंडीचं कोण म्हणालं असेल, याची. मी हळू आवाजात तिच्याकडून त्या फोनचा शब्दन् शब्द काढून घेतला, आणि प्रत्येक शब्दासरशी माझ्या कमरेची चावी जड होत गेली.

मुखेडच्या स्टँडवर उतरलो तर आमच्या ऑफिसपर्यंत माणसंच माणसं. मला कुणी ओळखलं नाही. पोपटांकडं बघून लोकांनी वाट करून दिली, कुणीतरी पर्यटक असेल म्हणून. मी चार पावलं टाकली आणि चावी वाजली.

तो आवाज गावाच्या ओळखीचा. एक म्हातारी वळली. "चावी," ती म्हणाली. मग सगळा रस्ता वळला. आणि जमाव माझ्याकडं निघाला.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं उभं राहावं. पण पाय माझे राहिले नव्हते, ते वैजनाथ गुरुजींचे झाले होते. मी छाती पुढं काढली, टाच न आपटता ऑफिसच्या दिशेनं सुटलो, आणि मागं बघितलं नाही. मागून लोक ओरडत होते, "पळाला, पळाला!" बेटावर जे जमलं नाही ते मला मुखेडच्या मेन रोडवर जमलं. तो फौजी असता तर त्यालाही मागं टाकलं असतं. ऑफिसात शिरलो तेव्हा माणिकप्पा पत्रकारांना सांगत होते की मला या माणसाचा पहिल्यापासूनच संशय होता. मला बघून ते म्हणाले की माझा या माणसावर पहिल्यापासूनच विश्वास होता. मधे त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही.

चावी काढायला पॅन्ट सैल करावी लागली. सगळ्या ठेवीदारांसमोर, आयाबायांसमोर, पोपटांचा शर्ट वर खोचून मी करदोड्याची गाठ सोडायला लागलो. समुद्राच्या खाऱ्या हवेनं ती गच्च बसली होती. शेवटी करदोडा न सोडता मीच तिजोरीला कमरेनं चिकटून उभा राहिलो आणि चावी लावली. माझ्या नोकरीतला सर्वांत प्रामाणिक क्षण असा होता, आणि तो किमान पन्नास मोबाइलांत आहे.

तिजोरी उघडली. आत जे असायला हवं होतं ते होतं. मला वाटलं, आता लोक मान खाली घालतील. कुणी म्हणेल, चुकलं साहेब. पैसा डोळ्यांनी बघून लोकांना हायसं वाटलं खरं, पण लगेच म्हणाले, हाय म्हणता का, मग द्या. दिवेलागणीपर्यंत मी वाटत होतो. काहींनी घेताना विचारलं की बेटावर हवा कशी हाय. पुढच्याच आठवड्यात तीच माणसं तेच पैसे परत घेऊन आली, आणि नव्यानं ठेव ठेवली तर व्याज जास्त मिळेल का, एवढं विचारून गेली. माफी ही वस्तू आमच्या काउंटरवर कुणी भरली नाही.

यथावकाश वरच्या ऑफिसातले मृत्युंजय साहेब चौकशीला आले. मी करवंटीचं पदक पुढं ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि यावर गोल शिक्का नाही म्हणाले. मग प्रमाणपत्र दिलं. इंग्रजी आहे, मराठी भाषांतर जोडा म्हणाले. तालुक्यातल्या एका जाणकार टायपिस्टाकडून भाषांतर करून आणलं, तेही त्याच्या सहीनिशी. त्यात होतं: 'प्रमाणित करण्यात येते की श्री. किशनराव हे सदर बेटावर पळाले असून त्यांनी आपले पलायन निर्धारित वेळेत यशस्वीरीत्या पूर्ण केले. आयोजक त्यांचे अभिनंदन करतात.'

मृत्युंजय साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून मला विचारलं, "म्हणजे तुम्ही हे कबूल करता?" तेव्हापासून माझी फाइल चालू आहे. संचालक मंडळानंही एक कारणे दाखवा नोटीस दिली. सचिवासारख्या जबाबदार माणसानं कामून पळावं, याचा लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, हौस म्हणून. हे उत्तर असमाधानकारक ठरलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मला माणसं मोजायची खोड. एका दुपारी मी व्यंकटीला ऑफिसच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावायला सांगितलं. त्या डुबुकनंतर शटरसमोर कोण कोण उभं राहिलं, आणि कोण आधी, ते मला बघायचं होतं. बेटावर आम्ही तिघंच होतो. इथं खरी शर्यत झाली होती.

पहिला कोण? मी डोळे चोळले. बजरंग. सिंधुचा सख्खा भाऊ, माझा मेव्हणा. राहतो इस्लापूरला, कुठल्या कुठं. शटरला लागून असलेले दुकानदार अजून चपला शोधत असताना हा माणूस जिल्ह्याच्या त्या टोकाहून मोटारसायकलवर येऊन पहिल्या नंबराला उभा, आणि दमलेलासुद्धा दिसत नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, "दाजी, मी काय पैशासाठी आलो न्हाई. लायनीला शिस्त लावून राहिलो होतो." सिंधुला मी मुद्दाम सांगितलं. ती भाजी निवडत होती. जराशानं म्हणाली, "पळण्यात तो लहानपणापासून पहिलाच यायचा." यात अभिमान किती आणि शरम किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. बजरंगाला फोनवर डुबुक पण सांगितलं होतं कुणीतरी. बहीण बुडाली असं ऐकूनसुद्धा तो आधी शटरकडं आला, हे आम्ही दोघंही एकमेकांना बोललो नाही.

मी बघत राहिलो. नागुबाई होती. आम्हाला लिंबं देणारा होता. सांत्वनाला टोपी काढणारा होता, आता टोपी घालून. माणिकप्पांचा मुलगा तोंडाला रुमाल बांधून होता. मी सगळी रांग शेवटपर्यंत बघितली, मग पुन्हा बघितली. गल्लीतला एकच माणूस तिच्यात नव्हता.

वैजनाथ गुरुजी.

ज्यानं शेजारी आल्यापासून मला टोमणे मारले, माझ्या खुर्चीला माझ्यापेक्षा चपळ ठरवलं, त्या माणसाची जळकोट शाखेत जन्माची पुंजी होती आणि तो माझ्या नावानं ओरडणाऱ्या गर्दीत एक मिनिट उभा राहिला नाही. मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं मी त्यांना नावे टाकत आलो होतो. जमेला सारं गाव धरलं आणि खरा जमेचा माणूस भिंतीपलीकडं पाणी घालत बसला होता. मी घरातली एक चांगली शाल काढली, नारळ घेतला, पदक गळ्यात घालून जायचं ठरवलं आणि पुन्हा काढून ठेवलं.

गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. मी त्यांच्या खांद्यावर शाल पांघरली, नारळ हातात दिला, वाकून पाया पडलो. मी म्हणालो, गुरुजी, सगळं गाव रांगेत होतं, फक्त तुम्ही नव्हता. त्यांनी शाल नीट करून घेतली. नारळ कानाशी हलवून पाणी आहे का बघितलं.

"मी कशाला उभा राहू लायनीत?" ते म्हणाले. "माझी ठेव मी जळकोटातून कवाच काढली. दिवाळीतच."

जळकोट शाखेचा हिशेब माझ्याकडं मार्चअखेरच येतो. "दिवाळीत? कामून?"

"तुम्ही बूट आणले त्याच्या पुढच्याच आठवड्यात." ते शांतपणे सांगत होते, पोरांना शिकवावं तसं. "पतसंस्थेचा सचिव, ह्या वयात, रोज पहाटं पळायचा सराव करून राहिला. चावी बी कमरेची काढंना. मी काय समजायचं किशनराव?"

मी म्हणालो, "पण सराव तर तुम्हीच घेऊन राहिले होते."

"घेतला की. मास्तर हाव मी. शिकायला आलेल्याला इमानदारीनं शिकवायचं. तुम्ही कुठं पळता ते माझ्याकडं नव्हतं." मग ते जरा पुढं वाकले. "मेन रोडवर बघितलं तुम्हाला. डावी टाच अजून आपटून राहिले."

शाल त्यांच्या खांद्यावर होती आणि परत मागता येईना. मी उठलो. फाटकाशी पोचलो तर मागून त्यांचा आवाज आला, मागं बघू नका.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा ऑफिसला गेलो. पायात साधी चप्पल. बूट मी माळ्यावर टाकले आहेत, करवंटीचं पदक सिंधुनं धूप जाळायला घेतलं आहे. दारातून आत शिरलो, चावी वाजली, काउंटरवरच्या सगळ्या माना वळल्या. पूर्वी त्या माझ्या कमरेपाशी थांबायच्या. आता आधी खाली जातात, चप्पल आहे की बूट, ते बघून घेतात, आणि मग पावतीवर सही करतात.